लंगडी टिकटिक

भिंतीला कान असतात म्हणतात. गोडादऱ्यातल्या, कापड कामगारांच्या वस्तीतल्या आमच्या घरात ते फक्त भिंतीलाच उरले आहेत. आमच्या ह्यांचा उभा जन्म कारखान्यात लूमच्या, म्हणजे यंत्रमागाच्या खडखडाटात गेला, त्यामुळे ह्यांच्याशी बोलायचं म्हणजे ओरडायचं. गल्लीत अशी घरं बरीच, म्हणून आमचं ओरडणं कुणाला वेगळं वाटत नाही. एकदा मीठ संपलंय असं मी ह्यांना सांगितलं, तर पलीकडची शेजारीण वाटीभर मीठ घेऊन दारात उभी. तेव्हा हसले होते. आता हसूही येत नाही. दिवसभर साड्यांना खडे चिकटवून मान आखडते आणि संध्याकाळी हे आले की घसा कामाला लागतो.

ह्यांना मात्र ऐकू कमी येतं हे कबूल नाही. "माले समदं आयकू येस. तूच तोंडातल्या तोंडात बोलस." हेसुद्धा ओरडूनच सांगतात. त्यामागची भीती मला कळत नव्हती असं नाही. हे कारखान्यात मास्टर, म्हणजे बिघडलेला लूम दुरुस्त करणारे. चांगला मास्टर नुसत्या आवाजावरून सांगतो, कुठे काय ढिलं झालंय. ज्याला मशीनच ऐकू येत नाही असा मास्टर कोण ठेवेल, आणि ह्या वयात दुसरीकडे कोण घेईल? म्हणून मी तो विषय सोडून दिला होता.

गेल्या दिवाळीनंतर कारखान्याच्या गुजराती शेठने पर्वत पाटिया भागातलं आपलं घर नव्याने करून घेतलं आणि भिंतीवरचं एक बंद घड्याळ ह्यांच्या हातात ठेवलं. "चालू थाय तो तमे राखजो," म्हणाले. चालू झालं तर तुमचं. लाकडी घरासारखं घड्याळ, वर इवलंसं दार, दर तासाला त्यातून बाहेर येऊन कुकू करणारा एक पक्षी. खाली साखळ्यांना अननसासारखी दोन लोखंडी वजनं. मी म्हटलं, "शेठला भंगार टाकायला आपलंच घर सापडलं का?" ह्यांना ऐकू गेलं नाही. शेजारणीला गेलं असेल.

हे कामाला लागले. एक साखळी चाकाच्या दातांवरून उतरली होती, ती बसवली. पक्ष्याचा आवाज आत दोन लहान कागदी भाते असतात त्यांतून येतो. त्यातला एक फाटला होता, म्हणून पक्षी नुसतं 'कु' म्हणून गप्प बसायचा. ह्यांनी भात्याला पातळ कागद चिकटवला, काटा हाताने फिरवला आणि पक्षी पुरता बोलला. ह्यांचा चेहरा उजळला. "आयकं मी," म्हणाले. "मना कान चांगला शेतस." पक्ष्याचा तो आवाज गल्लीच्या टोकापर्यंत गेला असेल.

पण घड्याळ चालेना. लोलकाला धक्का दिला की थोडा वेळ चालायचं, मग थांबायचं. ह्यांनी कारखान्यातलं तेल घातलं. लूमवाल्यांचं कुठल्याही दुखण्यावर एकच औषध, तेल. त्या जाड तेलाने ते आणखी लवकर थांबायला लागलं, म्हणून सगळं पेट्रोलने धुवून काढलं, आणि घरभर वास. शेवटी भिंतच वाकडी आहे म्हणाले. नाचता येईना, अंगण वाकडं. रोज कामावरून यायचे, हातपाय न धुता स्टुलावर चढायचे आणि कंबर धरून उतरायचे. बघून बघून मीच थकले.

मला त्या घड्याळाचं दुखणं पहिल्या दिवसापासून ऐकू येत होतं. टिक-टक, मग जरा थांबून पुन्हा टिक-टक. एका पायाने अधू माणूस चालतो तसं. यंत्रातलं मला काही कळत नाही, पण लंगडणं ऐकू येतं. घड्याळाचा खोका भिंतीवर तिरका लागला होता, दुसरं काही नाही. पूर्वी असलं दुखणं ह्यांनी झोपेतसुद्धा ओळखलं असतं. पण सांगितलं असतं तर टिकटिक ह्यांना ऐकूच येत नाही, हेही सांगावं लागलं असतं. म्हणून मी खडे चिकटवत बसायचे आणि मनातल्या मनात चरफडायचे.

एका सुट्टीच्या दिवशी ते परत थांबलं आणि ह्यांनी हातातला पेचकस फरशीवर आपटला. मला राग आला आणि तितकीच कीवही आली. मी उठले, लोलकाला धक्का दिला, खोक्याची खालची कड धरली आणि जराशी डावीकडे सरकवली. लंगडणं वाढलं. उजवीकडे आणली, कमी झालं. आणखी किंचित. हे घड्याळाकडे नाही, माझ्या तोंडाकडे पाहत होते. टिक, टक, टिक, टक, असं सरळ यायला लागल्यावर मी हात काढला.

बराच वेळ झाला तरी घड्याळ थांबलं नाही. हे स्टुलावर बसून राहिले. मला वाटलं आता ओरडतील. पण बोलले ते हळू, इतकं हळू की लग्नानंतरच्या दिवसांतच कधीतरी ऐकला असेल तो आवाज.

"कारखानामा बी असंच शे," म्हणाले. "लूमना आवाज येत नही माले. मशीनवर हात ठेईसन वयखस, नही तं अंदाज. शेठले कोनी सांगाले नको."

म्हणजे ह्यांना सगळं ठाऊक होतं. जे मी ह्यांच्यापासून जपत होते, तेच हे माझ्यापासून जपत होते. मला भडभडून आलं. मी नाही सांगणार, तुम्ही घाबरू नका, एवढंच मला म्हणायचं होतं. मी तोंड उघडलंसुद्धा. पण ह्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले असते तर ते पलीकडे गेलं असतं, आणि शेजारणीचा नवरा ह्यांच्याच कारखान्यात लूम चालवतो. मी तोंड मिटलं, ह्यांचा हात धरला आणि नुसती मान हलवली.