शॉक कुणाला विचारून?

डॉक्टरनं माझ्या केसांत बोटं घातली, लगेच रुमालाला पुसली. म्हणाला, "केवढं तेल चोपडलंय. या भाजीवाल्यांच्या डोक्यात करंट शिरायलासुद्धा कष्ट पडतात."

भोवतीची शिकाऊ पोरं हसली. मी पलंगावर. जागी. डोक्याला वायरी चिकटवलेल्या. कान शाबूत होते माझे.

नव्वदच्या दशकातली गोष्ट. नाशिकमधला मोठा खासगी दवाखाना. आमचा भाजीचा मळा शहराबाहेर, माल पंचवटीच्या बाजारात जायचा. मुलगी झाली आणि मी विझत गेले. जेवण नको, बोलणं नको. पोरगी रडायची, मी भिंतीकडे बघत बसायची. एकदा विहिरीच्या काठावरून सासूनं ओढून आणलं. नवरा घाबरला. त्यानं इथं आणलं, सही केली, शॉक सुरू झाले. भूल नाही. चौघं हातपाय दाबून धरायचे. दातांत रबर. शुद्धीवर आले की लुगडं ओलं असायचं.

खोटं कशाला बोलू? अंधार हटला. भूक लागली. पोरीला जवळ घ्यावंसं वाटलं.

त्या दिवशी ते माझ्या मेंदूचा आलेख काढत होते. कागदावर सुया थरथरत होत्या. "बघा, लाटा संथ झाल्यात," डॉक्टर पोरांना म्हणाला. "शॉक लागू पडतोय." मग नवऱ्याकडे वळला. "कामाला लागली का?"

"हो साहेब. मेथीच्या जुड्या बांधती."

"मग सुधारतेय. अजून काही शॉक देऊ. पक्कं होईल."

मी म्हणाले, "साहेब, मला पोरीचं बारसं आठवत नाय. नाव कुणी ठेवलं ते बी नाय."

तेव्हा कुठे त्यानं माझ्याकडे पाहिलं. "तुला काय परीक्षेला बसायचंय?"

पोरं परत हसली.

मी उठून बसले. वायरी ओढून काढल्या. "मला नको अजून."

"बघा," तो पोरांनाच म्हणाला, "चिडचिड. आजार आहे अजून."

गप्प राहिले तर आजारी. बोलले तर आजारी. जुड्या बांधल्या तेवढीच बरी.

नवऱ्यापुढे कागद आला. त्यानं पेन उचललं. मी म्हणाले, "सही केली तर पोरीला घेऊन माहेरी जाईन. परत यायची नाय."

त्यानं पेन खाली ठेवलं. मान खाली घालूनच म्हणाला, "साहेब, ती नाय म्हणती."

"वेडी ती आहे की तू?" डॉक्टर म्हणाला.

आम्ही बाहेर पडलो.

काही वर्षांनी अंधार परत आला. तेव्हा दुसऱ्या दवाखान्यात गेले. तिथली डॉक्टरीण खुर्ची ओढून माझ्यासमोर बसली. भूल देऊ, म्हणाली. थोडं विसरायला होईल, तेही सांगितलं. सही माझी घेतली. प्रत्येक शॉकनंतर काय आठवतं, काय नाही, मलाच विचारलं. मी उठले त्यातून. वीज तीच होती. म्हणजे माझं भांडण विजेशी नव्हतंच.

पहिल्या डॉक्टरला मी माफ केलेलं नाही. करणारही नाही.

आता आसपासच्या मळ्यांतल्या बाया दवाखान्यात जाताना मला सोबत नेतात. डॉक्टर बाईच्या नवऱ्याशी बोलायला लागला की मी मधे उभी राहते. "पेशंट ही हाय. हिला विचारा." काही डॉक्टर विचारतात. काही मला बाहेर काढायला माणूस बोलावतात. मी हलत नाही. तिच्या तोंडून हो आल्याशिवाय त्या पलंगावर मी तिला झोपू देणार नाही.