‘बारो’ म्हणेपर्यंत

साप आला असं कोणी बोंबललं तरी डोळे उघडायचे नाहीत, ही आमच्या क्लासची शिस्त. बोंबललं म्हणते ते उगाच नाही. एकदा सरांनी खरंच एकाला दाराबाहेर उभं करून, आम्ही डोळे मिटून बसलेलो असताना, "साप! साप!" असं ओरडायला लावलं होतं. बाकीचे दगडासारखे बसून राहिले. मी "अगो बाई!" करत जी उडी मारली ती थेट खिडकीपाशी. सर हसले नाहीत. म्हणाले, "बाहेरच्या आवाजानं डोळे उघडले की आतला प्रवाह तुटतो. जे बसून राहिले ते शिकले." आणि मला गुडघे वाकवून घोड्याच्या पवित्र्यात उभं केलं. पन्नाशीच्या बाईला! घरी येऊन नवऱ्याला म्हटलं, तुझा मित्र माणूस आहे की हवालदार?

क्लास कोरियन मार्शल आर्टचा. गावकीच्या हॉलमध्ये चालतो, जिथे एरवी साखरपुडे होतात. आता अलिबागजवळच्या किहीमच्या बाईला या वयात लाथाबुक्क्या शिकायची हौस कुठून आली, असं तुम्ही विचाराल. हौस कसली, खांदा. आमच्या वाडीत पाहुण्यांसाठी दोन खोल्या आहेत. शनिवार-रविवार मुंबईची माणसं येतात, त्यांचं मासळीचं जेवण माझ्याकडे. नारळ खवून खवून म्हणा की वयानं म्हणा, उजवा खांदा आखडला. हात वर जाईना. वेणी घालायला नवऱ्याला बोलवायची पाळी आली, आणि त्यानं घातलेली वेणी म्हणजे जाळ्याचा गुंता. डॉक्टरांच्या गोळ्या झाल्या, शेक झाला, गुण काही येईना.

सर म्हणजे नवऱ्याचे शाळासोबती. मी त्यांना भावोजी म्हणते. तरुणपणी कोरियाला जाऊन शिकून आलेले, तेव्हापासून गावात मुलांना शिकवतात. एकदा माझा हात बघून म्हणाले, "वहिनी, सकाळच्या क्लासला येत जा."

"लाथा मारायला?"

"लाथा पोरं मारतील. तुम्ही श्वास घ्या."

पोटाच्या खाली, बेंबीच्या चार बोटं खाली श्वास न्यायचा. तिथे शक्ती साठते, कोरियन लोक तिला ‘गी’ म्हणतात. मग ती दुखऱ्या जागेकडे न्यायची, हळूहळू, हात श्वासाबरोबर उचलत. क्लास संपताना सगळे डोळे मिटून बसतात आणि ज्याला काही दुखतंय त्याच्याकडे तळवे करून आपली गी सोडतात. सर म्हणाले ‘मुकन्योम’ की डोळे मिटायचे, ‘बारो’ म्हणाले की उघडायचे. मधल्या वेळात जग बुडालं तरी बेहत्तर. आणि आणखी एक नियम, दाराच्या आत नातं नाही. आत मी वहिनी नाही, ते भावोजी नाहीत.

खांदा बरा झाला. हे मी कोणाला घाबरून सांगत नाही. श्वासानं झाला, रोज हात हलवल्यानं झाला, की पाच-पंचवीस माणसं आपल्यासाठी बसलीत या नुसत्या जाणिवेनं झाला, देव जाणे. पण एक दिवस मी वरच्या फळीवरची लोणच्याची बरणी सहज उतरवली आणि स्वयंपाकघरात एकटीच हसत बसले. त्या दिवसापासून त्या माणसावर माझा विश्वास बसला. फक्त डोळे मिटून बसणं मला काही जमेना. मन कुठलं थाऱ्यावर? सुरमई आली का, पाहुणे उठले का, गॅसवर काय ठेवलंय. मी एक डोळा किलकिला करायचीच, आणि सर ओरडायचेच.

तो रविवार पावसाळा सरल्यानंतरचा. सकाळीच उकडत होतं. सर उशिरा आले, हे पहिलं नवल. दुसरं म्हणजे शर्ट पाठीला चिकटलेला. डावा दंड चोळत होते. म्हणाले, "आज कवायत नको. नुसतं बसू. आणि आज सगळे आपली गी माझ्याकडे सोडा. हातापासून जबड्यापर्यंत काहीतरी अडकलंय."

आम्हाला काय वाटलं असेल? मान वाटला! जो माणूस इतकी वर्षं आम्हाला देत आला त्यानं पहिल्यांदा आमच्याकडे काही मागितलं. ट्रकवाला विद्यार्थी, ज्याच्या घरची पूर्वी मिठागरं होती तो, त्यानं तर तळवे कपाळाला लावले. सर भिंतीला टेकून आमच्याकडे तोंड करून बसले. "मुकन्योम." आम्ही डोळे मिटले आणि तळवे पुढे केले.

मन लावून केलं मी. खरंच. माझा खांदा आठवला, त्यांचे उपकार आठवले, आणि असेल नसेल ती सगळी शक्ती त्या भिंतीकडे ढकलली. मग सुरमई आठवली. डोळा किलकिला झाला.

सर भिंतीवरून एका बाजूला कलंडले होते. तोंड उघडं. चेहऱ्याचा रंग राखेसारखा, आणि घशातून कसलीतरी घरघर. आणि समोर आम्ही सगळे डोळे मिटून, तळवे त्यांच्याकडे करून बसलेलो.  

"भावोजी!" मी किंचाळले.

एकही माणूस हलला नाही.

"अरे उठा! त्यांना काहीतरी झालंय! डोळे उघडा!"

कोणी नाही. माझ्या शेजारी कॉलेजात जाणारी एक मुलगी बसते. ती मिटल्या डोळ्यांनी गालात हसली. ते हसू मी मरेपर्यंत विसरणार नाही. तिला वाटलं, आज सापाऐवजी सरांनी काकूंनाच ओरडायला लावलंय. सगळ्यांनाच तसं वाटत होतं! मी ट्रकवाल्याला धरून गदागदा हलवलं, तर त्यानं डोळे आणखी घट्ट मिटले आणि तळवे आणखी ताणले. पठ्ठ्या परीक्षा पास होत होता. मला रडू आलं, राग आला, थोबाडीत मारावीशी वाटली एकेकाच्या. अरे मेल्यांनो, तुमचा गुरू मरतोय आणि तुम्ही शहाणी मुलं होऊन बसलात!

मग माझ्या तोंडून निघालं. ठरवून नव्हे. पोटातून, त्यांनी शिकवलेल्या त्याच जागेतून निघालं.

"बारो!"

सगळे डोळे एकदम उघडले.

त्यानंतरचा कल्लोळ काय सांगू. त्या मुलीचं हसू चेहऱ्यावर तसंच राहिलं आणि वरून डोळ्यांतून पाणी वाहू लागलं. ट्रकवाल्यानं सरांना उचललं, दाराशी उभ्या असलेल्या टेम्पोत घातलं, आणि मी मागे त्यांचं डोकं मांडीवर घेऊन बसले. रविवार सकाळ, अलिबागचा रस्ता मुंबईच्या गाड्यांनी गच्च. ट्रकवाला हॉर्नवरचा हात काढेना. मी बाजूच्या गाड्यांच्या काचा बडवत होते. एका बाईनं काच खाली करून विचारलं, "काय झालंय?" मी म्हटलं, "ते नंतर सांगते, आधी गाडी बाजूला घे माझे बाई!" तिनं गाडी मातीत उतरवली.

हॉस्पिटलात डॉक्टरांनी विचारलं, "हे असे किती वेळ पडलेले होते?"  ट्रकवाला म्हणाला, "आम्हाला कोणाला माहीत न्हाय, साहेब." डॉक्टर म्हणाले, "म्हणजे एकटेच होते का तिथे?" हॉलमध्ये पंचवीस माणसं होती, त्यांच्यापासून दोन हातांवर, हे सांगायला आमच्यापैकी कोणाची जीभ उचलेना.

हार्ट अटॅक होता. वाचले. हृदयाच्या नळीत स्प्रिंग बसवली आणि माणूस परत आला. त्यांची बायको माझ्या गळ्यात पडली, म्हणाली, पहाटेपासून दुखत होतं हो, मी म्हणत होते डॉक्टरकडे जाऊ, तर म्हणाले, क्लासमध्ये मोकळं होईल.  म्हणजे माहीत होतं! मला त्यांच्याशी बोलू दिल्यावर मी काही गय केली नाही. खाटेशी उभी राहून म्हटलं, "लोकां सांगे ब्रह्मज्ञान, स्वतः कोरडे पाषाण! आम्हाला सांगता, दुखतंय तिथे श्वास न्या. अहो, पण कुठे आणि किती दुखतंय ते बायकोला तरी धड सांगाल की नाही?" नर्स मला बाहेर काढायला आली.  ते छताकडे बघत राहिले, आणि त्यांच्या कानाजवळून पाणी उशीवर उतरलं.

हिवाळ्यात क्लास पुन्हा सुरू झाला. कवायत ट्रकवाला घेतो. सर खुर्चीवर बसतात, बारीक झालेत, कोणाला छातीत-हातात दुखलं की सगळ्यात आधी विचारतात, डॉक्टरला दाखवलंस का? पहिल्या दिवशी मी मुद्दाम मागच्या ओळीत बसले. मला भीती वाटत होती, खोटं कशाला बोलू. शेवटची बैठक आली. सगळ्यांना तोच रविवार आठवत असणार. कोणी तळवे पुढे करेना.

सर खुर्चीवरून उतरून भिंतीला टेकून बसले, त्याच जागी. म्हणाले, "मुकन्योम."

एकेक करत सगळ्यांनी डोळे मिटले. मीही मिटले, या वेळी घट्ट, सुरमईची आठवणसुद्धा येऊ द्यायची नाही असं ठरवून.

"वहिनी," समोरून आवाज आला. दाराच्या आत, पहिल्यांदा. "तुम्ही नाही."