पहिल्या वळणाचा साक्षीदार

"पहिलं वळण बघा, लिहायला मिनिट आहे."

वालेन्ती पिलार्स्की हे वाक्य दर रविवारी म्हणायचा. आमच्या झालेसिनच्या स्पीडवे मैदानावर, पहिल्या वळणाच्या कठड्याला टेकून, चार मोटारसायकली ताणलेल्या आडव्या फितीसमोर येऊन थरथरायला लागल्या की तो एकदा उजवीकडे बघे, एकदा डावीकडे बघे आणि म्हणे. आवाज चढवत नसे. तरी आजूबाजूची तीस-चाळीस माणसं हातातल्या पेन्सिली खाली घेत आणि माना वर करत.

ज्यानं तिथं उभं राहून पाहिलंय त्याला वेगळं सांगायला नको. फीत वर गेली की शर्यत सुरू. चार चकरांची, मिनिटभराची. गाड्यांना ब्रेक नसतात. चौघंही एकाच वळणात एकदम शिरतात, मागची चाकं आडवी घसरवत, आणि जे काही ठरायचं ते बहुतेक तिथंच ठरतं. उरलेल्या चकरा म्हणजे ठरलेल्या गोष्टीची मिरवणूक. काळी खडी उडून तोंडावर येते, दातांत करकर होते. इंजिनात जळणाऱ्या एरंडेलाचा वास कोटात शिरतो तो बुधवारपर्यंत जात नाही. आमच्याकडच्या बायका तो कोट अंगणात वाळत घालतात, घरात घेत नाहीत.

आणि प्रत्येकाच्या हातात छापील कार्यक्रमपत्रिका असते. प्रत्येक शर्यतीचा एक चौकोन, त्यात चार नावं. पहिल्याला तीन गुण, दुसऱ्याला दोन, तिसऱ्याला एक, शेवटच्याला काही नाही. हे गुण ज्यानं त्यानं आपल्या हातानं भरायचे. मोठा फलक असतोच, पण फलकावर विसंबणारा माणूस आमच्याकडे पाहुणा समजला जातो. एक रीत मात्र कडक. गाड्यांनी रेघ ओलांडल्याशिवाय लिहायचं नाही. आधी लिहिणं म्हणजे स्वारांच्या जिवाशी खेळ.

वालेन्ती साखर कारखान्यात फिटर होता. निवृत्त होऊन बारा वर्षं झाली होती. माणूस उंच, हडकुळा, मिशा पांढऱ्या. त्याच्या माळ्यावर पन्नास वर्षांच्या पत्रिका बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यांत लावून ठेवलेल्या. बिअरच्या दुकानात वाद पेटला की कोणीतरी म्हणे, वालेकला विचारा. वालेन्ती घरी जाई, डबा उघडे, परत येऊन निकाल सांगे, आणि वाद मिटे. कठड्याशी त्याच्या डाव्या हाताला तीस वर्षं उभी राहणारी तेओफिला, पोस्टातली, त्याला पहिल्या वळणाचा बिशप म्हणायची. म्हणायची चिडवायला, पण सूर्यफुलाच्या बियांची पुडी आधी त्याच्यापुढे धरायची.

त्या डब्यांतली एक पत्रिका त्यानं कोणाला कधी दाखवली नव्हती.

ती अठ्ठ्याहत्तर सालची. शरद ऋतूतला शेवटचा सामना, नदीपलीकडच्यांशी. जिंकलो असतो तर झालेसिन वरच्या साखळी स्पर्धेत गेलं असतं. बारा शर्यती झाल्या होत्या, आपण दोन गुणांनी पुढे होतो. तेराव्या, शेवटच्या शर्यतीत आपले दोघे आणि त्यांचे दोघे उतरले. गेरार्द वोय्ताला, तेव्हाचा आपला सगळ्यात चांगला स्वार, त्या दिवशी एकही शर्यत न हरलेला. आणि त्याच्याबरोबर फेलेक, एकवीस वर्षांचा, बिनधास्त. पहिल्या वळणात धूळ उठली आणि दोघंही पडले. फेलेकचा गुडघा कायमचा गेला, डोक्यालाही मार लागला. शर्यतीचं त्याला काहीच आठवेना. पंचानं गेरार्दला दोषी धरून बाद केलं. शर्यत पुन्हा झाली तेव्हा आपलं कोणीच उरलं नव्हतं. तीन गुणांनी हरलो.

गेरार्द सांगत होता, फेलेक आधी पडला, त्याच्या अंगावरून चाक जाऊ नये म्हणून मी माझी गाडी आडवी टाकली. पंचाचं म्हणणं, गेरार्द आधी पडला आणि घसरत जाऊन त्यानं आपल्याच संघातल्या पोराला उडवलं. सबंध गाव विचारत होतं, खरं काय. संध्याकाळी बिअरच्या दुकानात सगळी तोंडं वालेन्तीकडे वळली. तो कठड्याशी होता, वीस हातांवर.

आणि वालेन्ती म्हणाला, "गेरार्द आधी पडला."

एवढंच बोलला. तेवढ्यानं झालं. पुढच्या हंगामात संघानं गेरार्दला बोलावलं नाही. तो दक्षिणेला कोळशाच्या मुलखात गेला आणि बसडेपोत मेकॅनिक म्हणून चिकटला. फेलेकनं सायकलदुरुस्तीचं दुकान टाकलं. पाय ताठ, हातात काठी. गेरार्दचं नाव निघालं की तो तोंडात धरलेला स्क्रू थुंकायचा आणि दुसरं बोलायला लागायचा.

वालेन्तीनं पाहिलं नव्हतं. तो पत्रिकेत लिहीत होता. मागच्या हिवाळ्यात घेतलेलं त्याचं पहिलंच बॉलपेन, निळी शाई. गेरार्द हरणार नाही ही खात्री, वरच्या साखळीत जायचा आनंद, आणि फीत वर जायच्या आधीच त्याचा हात चौकोनात गेला होता. गेरार्दपुढे तीन. फेलेकपुढे दोन. मान वर केली तेव्हा धूळ होती आणि दोघंही जमिनीवर. त्या संध्याकाळी 'मी बघितलं नाही' म्हणायची त्याला लाज वाटली. पंचाचं ऐकलं होतं, तेच त्यानं पुढं सांगितलं. दुसऱ्या दिवशी सांगायला गेला तर लोकच त्याला त्याची साक्ष सांगत होते, दोन-चार तपशील वाढवून. मग दर वर्षानं ती गोष्ट सिमेंटसारखी घट्ट होत गेली. पुढल्या हंगामापासून तो ते वाक्य म्हणायला लागला. लोकांना वाटलं, जाणत्याची शिकवण आहे.

अडतीस वर्षं गेली. संघाला सत्तर वर्षं होत होती, म्हणून जुन्या स्वारांना बोलावायचं ठरलं. ट्रॅक सारखा करणाऱ्या ट्रॅक्टरला ट्रॉली जोडायची, तीवर पेंढ्याचे गठ्ठे मांडायचे आणि म्हाताऱ्यांना बसवून एक चक्कर मारायची. गेरार्दचं उत्तर आलं, येतो म्हणून. गावात कुजबुज सुरू झाली. फेलेकनं सांगून टाकलं, तो ट्रॉलीत असेल तर मी चढत नाही. आणि गुरुवारी बिअरच्या दुकानात ठरलं की ट्रॉली पहिल्या वळणाशी आली की शिट्ट्या वाजवायच्या. आमच्याकडे मैदानावर शिट्टी म्हणजे थुंकणंच. तेओफिलानं वालेन्तीच्या पाठीवर थाप मारली आणि म्हणाली, सुरुवात तू कर बिशप, तूच तर पाहिलंयस.

शनिवारी सकाळी वालेन्ती माळ्यावर चढला. डबा उघडला, ती पत्रिका कोटाच्या आतल्या खिशात घातली आणि फेलेकच्या दुकानी गेला.

फेलेक एका चाकाच्या तारा ताणत बसला होता. वालेन्तीनं बाकीचं काही न बोलता पत्रिका त्याच्यापुढे ठेवली. फेलेकनं चष्मा कपाळावरून खाली घेतला. तेराव्या चौकोनात निळ्या शाईचा तीन होता, निळ्या शाईचा दोन होता, आणि दोन्हींवर पेन्सिलीची आडवी काट. जे दोघं वळणापलीकडे गेलेच नाहीत त्यांच्यापुढे तीन आणि दोन. ज्याचं आयुष्य या चौकोनांत गेलंय त्याला अधिक सांगावं लागत नाही.

"हे कधी लिहिलंस?"

"फीत वर जायच्या आधी."

फेलेकनं चाकाला बोटानं फिरवलं. ते बराच वेळ फिरत राहिलं, एका जागी जराशी लचक खात.

"म्हणजे तू बघितलंच नाहीस."

"नाही. मान वर केली तेव्हा तुम्ही खाली होतात."

"मग अडतीस वर्षं मी रागावलो कुणावर?"

वालेन्ती टोपी हातात घेऊन उभा राहिला. फेलेकनं पत्रिका घडी करून त्याला परत दिली आणि म्हणाला, "जा आता. हे चाक मला दुपारपर्यंत द्यायचंय."

रविवारी ऊन पडलं होतं, सफरचंदं तोडायच्या दिवसांतलं मऊ ऊन. पाणी मारलेल्या खडीचा वास येत होता. वालेन्ती आपल्या जागी आला तेव्हा माणसं जमली होती, कोणाच्या हातात सॉसेज, कोणाच्या हातात बिअर. दोघातिघांनी शिट्ट्या करून पाहिल्या, गळा मोकळा करावा तशा. ट्रॉली अजून दरवाज्याशी होती. फेलेक येणार की नाही कोणाला ठाऊक नव्हतं.

तेओफिलानं पुडी पुढे धरली. त्यानं बी घेतली नाही. पत्रिका काढून तिच्या हातात ठेवली आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं, पण नेहमीच्याच आवाजात, सांगितलं की त्या दिवशी त्यानं काही पाहिलं नव्हतं. गेरार्द आधी पडला की फेलेक, ते त्याला आजही माहीत नाही.

तेओफिलानं पत्रिका डोळ्यांजवळ नेली, दूर नेली.

"आणि मला तीस वर्षं बोलणी खायला लावलीस, आधी लिहू नकोस म्हणून," ती म्हणाली.

तिनं पत्रिका शेजाऱ्याला दिली. ती कठड्यानं हातोहात पुढे सरकत गेली. कारखान्यातल्या माणसाकडून गवंड्याकडे, गवंड्याकडून त्याच्या सुनेकडे. ज्याच्या हातात येई तो तेरावा चौकोन बघे, एकदा वालेन्तीकडे बघे आणि पुढे देई. पत्रिका वळणाच्या पार टोकाला पोचली तेव्हा ट्रॅक्टर सुरू झाला.

ट्रॉलीत नऊ म्हातारे होते. मागच्या गठ्ठ्यावर गेरार्द, डोकं चकचकीत, हात गुडघ्यांवर, नजर समोर. शिट्ट्यांची त्याला अपेक्षा असावी, खांदे तसे आवळलेले होते. आणि त्याच गठ्ठ्यावर, त्याच्या शेजारी, ताठ पाय बाहेर काढून फेलेक बसला होता. दोघं एकमेकांशी बोलत नव्हते. पण गठ्ठा अरुंद होता, वळणावर ट्रॉली कलली तशी फेलेकनं आधाराला गेरार्दचा खांदा धरला आणि वळण संपल्यावरही सोडला नाही.

एकही शिट्टी वाजली नाही. तेओफिलानं टाळ्या वाजवल्या. हातातल्या बिया सगळ्या खडीत पडल्या. मग बाकीच्यांनीही वाजवल्या, जरा उशिरा, जरा ओशाळून.

सामना सुरू झाला. पहिली शर्यत झाली, दुसरी झाली. वालेन्ती आपलं वाक्य बोलला नाही आणि कोणी त्याची वाटही पाहिली नाही. दुसरा कोण आला याबद्दल मागच्या रांगेत घोळ झाला तेव्हा लोकांनी फलकाकडे बघितलं. वालेन्तीला ते दिसलं. त्यानं मान हलवली, बरोबर आहे म्हणाल्यासारखी.

चार शर्यती झाल्यावर ट्रॅक सारखा करायला ट्रॅक्टर उतरला, तेव्हा गेरार्द गर्दीतून वाट काढत आला. मागून काठी टेकत फेलेक. पत्रिका आता गेरार्दच्या हातात होती.

"मला तीन दिले होतेस," गेरार्द म्हणाला.

"दिले होते."

"त्या दिवशी माझी गाडी चांगली चालत होती."

"फार चांगली," वालेन्ती म्हणाला. "गेरार्द, मी पाहिलं नव्हतं."

गेरार्द कठड्याला टेकला. वळणाकडे बघत राहिला, जिथं ट्रॅक्टरची लोखंडी फणी खडीत ओळी ओढत होती.

"मी तुला विचारायला आलो होतो," तो म्हणाला. "इथं ट्रॉलीत बसायला नव्हे. सुरुवातीला मला चांगलं आठवायचं, हा आधी पडला ते. मग सगळे म्हणत राहिले. आता डोळे मिटले की कधी हा आधी पडतो, कधी मी. म्हटलं वालेकनं पाहिलंय, त्याला एकदा सांगू दे, सविस्तर. मग ते काहीही असो."

वालेन्तीनं एका माणसाची बदनामी केली होती हे त्याला माहीत होतं. त्याची आठवणसुद्धा नेली होती, हे आत्ता कळलं.

फेलेक काठीवर रेलला. "मला तर काहीच आठवत नाही," तो म्हणाला. "तेव्हा चल, मीच आधी पडलो. मला काय फरक पडतो? तुला झोप लागेल."

गेरार्द हसला. पहिल्यांदाच. "हे असं आपसांत वाटून घ्यायचं नसतं, फेलेक."

"मग अर्धा अर्धा."

तेओफिलानं दोघांपुढे बियांची पुडी धरली. दोघांनी घेतल्या.

ट्रॅक्टर बाहेर गेला. पाचव्या शर्यतीचे चौघं फितीकडे यायला लागले. वालेन्ती कठड्यापासून बाजूला झाला. जिथं त्याची कोपरं पन्नास वर्षं टेकली होती तिथं लाकूड गुळगुळीत झालं होतं. त्यानं ती जागा गेरार्दला दाखवली. म्हणाला, वळण इथून सगळ्यात चांगलं दिसतं. मग खिशातलं पेन काढून त्याच्या हातात दिलं, टोपी डोक्यावर घातली आणि निघाला.

कठड्याच्या कडेनं तो सावकाश चालत गेला, बिअरच्या टपरीवरून, रुग्णवाहिकेजवळून, दरवाज्याकडे. कोटावर खडीची काळी धूळ होती, ती झटकली नव्हती. मागे चार इंजिनं एकदम ओरडली. फीत वर गेली. त्यानं वळून पाहिलं नाही.

गेरार्द त्याच्याकडे बघत होता. फेलेक बघत होता. तेओफिला पुडी तशीच धरून बघत होती. खडीचा मारा त्यांच्या पाठीवर आला तेव्हा कुठे त्यांना कळलं की गाड्या वळणातून पार झाल्यासुद्धा.