समुद्राच्या तळाची मूठभर वाळू

आत्याला जाऊन आज वर्ष झालं, आणि माझे केस ओले आहेत.

कशानं, ते शेवटी सांगते. आधी आत्या.

जैनथला आमच्या शेतात विहीर आहे. आत्या तिथंच पोहायला शिकली, कमरेला वाळका भोपळा बांधून. भोपळा सुटला की तिथल्या पोरांचा एकच नियम. उडी मारायची, तळ गाठायचा आणि मुठीत गाळ घेऊन वर यायचं. मूठ रिकामी असेल तर उडी मोजायची नाही.

आत्याची मूठ कधीच रिकामी आली नाही. हे मला तिनंच सांगितलंय, निदान शंभर वेळा.

मग लग्न होऊन ती नेरडीगोंड्याला गेली. सासरच्या मळ्यातही विहीर होती. वांगी, टमाटे, सांभार म्हणजे कोथिंबीर, सगळं त्याच पाण्यावर.

पहिल्या उन्हाळ्यात तिनं सासूला विचारलं, "जराशी पोहून येऊ का?"

सासू घाबरलीच. "काय बोलून राह्यली वं! सुनेनं विहिरीत उडी मारली म्हटल्यावर गाव काय समजन?"

खरंच होतं ते. आपल्याकडे गाव एकच समजतं.

त्या दिवसापासून आत्या पाण्यात उतरली नाही. पोरं झाली, सुना आल्या, नातवंडं शाळेत जायला लागली. ही आपली काठावर बसून मोटार चालू करायची, बंद करायची. पण पाण्याकडे अशी बघायची की मला राग यायचा. तिचा नाही, अख्ख्या गावाचा.

म्हणून मी नोकरीला लागले तेव्हा तिला अंदमानला नेलं.

घरचे म्हणाले, "काशी सोडून अंदमान? काऊन?"

आत्या म्हणाली, "काशीत तळ दिसते का?"

झालं. विषय संपला.

आमची बोट प्रवाळाच्या रीफवर जाऊन थांबली. पाणी असं नितळ की खालचे मासे वरून दिसत होते. सगळ्यांना मास्क, तोंडात धरायची नळी आणि लाईफ जॅकेट मिळालं. आत्याच्या अंगात माझी लेगिंग आणि पिवळा टीशर्ट. गाईडनं तिचे पांढरे केस पाहिले आणि म्हणाला, "माताजी, आप ऊपर से ही देखो."

मला पोहता येत नव्हतं. मी बोटीचा गज घट्ट धरून बसले होते.

आत्या मला म्हणाली, "त्याले सांग, इतक्या दूर मी बसाले नाही आली."

आणि जॅकेट घालून उतरलीच. नाकातोंडात खारं पाणी गेलं, थुंकली, हसली. मग बोटीला अशी झपाझप फेरी मारली की गाईड बघतच राहिला.

"भैया, ये जाकीट निकालो. ये मेरेकू नीचे नै जाने देता."

त्यानं तिला अजून एक फेरी मारायला लावली. मग म्हणाला, "ठीक है, मैं साथ में रहूँगा. लेकिन किसी चीज़ को हाथ नहीं लगाना. ये सब ज़िंदा है."

आत्यानं मान डोलावली, मोठा श्वास घेतला आणि गेली खाली.

पिवळा टीशर्ट लहान लहान होत गेला. मी देवाचं नाव घ्यायला लागले.

वर आली ती उजवी मूठ आवळून.

मागोमाग गाईड, चांगलाच चिडलेला. "माताजी! मना किया था ना? क्या उठाया?"

आत्यानं मूठ उघडली. पांढरी वाळू होती. बाकी काही नाही.

"तुम्हारे फूलां को हाथ नै लगाई. बाजू में खाली जगा थी, वहाँ की रेती है. नीचे तक गई, ये दिखाना पड़ता ना!"

तो हसायलाच लागला. "अच्छा. अब वापस डालो."

"आदी हिले पाहू द्या." तिनं हात माझ्याकडे वर केला. "पाह्यलं ना? मंग मोज."

"मोजली, आत्या," मी म्हटलं. मला रडू आवरत नव्हतं.

मग तिनं वाळू समुद्राला परत दिली.

गावाकडे आल्यावर ही गोष्ट तिनं सांगितली नाही असं घर उरलं नाही. दर वेळी तिनं खाली पाहिलेला मासा वाढत गेला. शेवटी तो म्हशीएवढा झाला होता. मी एकदाही दुरुस्त केलं नाही.

आणि मग ती मळ्यातल्या विहिरीत उतरली. भर दिवसा, सगळ्यांसमोर. अंदमानचा समुद्र पाहून आलेल्या बाईला विहिरीत जाऊ नको असं कोण म्हणणार?

मलाही तिनंच शिकवलं. एवढी मोठी बाई मी, कमरेला भोपळा. सुना पदर तोंडाला लावून हसत होत्या. पुढच्या उन्हाळ्यात त्याही पाण्यात होत्या.

पण आत्या होती तोवर मला तळ काही गाठता आला नाही. अर्ध्यातच कान दुखायचे आणि मी वर यायची.

आज सकाळी जैनथच्या विहिरीवर गेले. तिच्याच विहिरीवर. काठावर नेरडीगोंड्याहून आलेल्या तिच्या सुना उभ्या होत्या.

उडी मारली. कान दुखले. तरी गेले.

अजून नखांत काळा गाळ आहे. आज धुणार नाही.

आत्या, जिथं असशील तिथं पाण्यात अस.

आणि माझी मूठ भरून आली आज. पाह्यलं ना?

मंग मोज.