आतोबांची मोटर

माझ्या आतोबांइतका हट्टी, उधळ्या आणि वर स्वतःला व्यवहारी समजणारा माणूस अख्ख्या माळव्यात झाला नसेल, आणि हे मी रागानेच लिहितो आहे. आतोबा म्हणजे माझ्या आत्याचे यजमान, देवासच्या थोरल्या पातीचे कारकून. बदनावरला त्यांचं गव्हाचं काळंभोर शेत होतं, वर्षभर घर पोसणारं. ते विकून त्यांनी महूच्या छावणीतून विलायतेला निघालेल्या एका साहेबाची जुनी मोटर घेतली. कशासाठी, तर म्हणे, "हिला माहेरी न्यायचंय." आत्याचं माहेर म्हणजे आमचं धारचं घर. बाळंतपणात तिची कंबर धरली ती कायमची, बैलगाडीचे धक्के सोसवेनात, म्हणून कित्येक वर्षांत ती आमच्याकडे आली नव्हती. पण त्यासाठी शेत विकायचं? माझे वडील इतके भडकले, की दर भाऊबीजेला देवासला जाणारा हा माणूस म्हणाला, "त्या उधळ्याच्या घरी मी आता पाणीसुद्धा पिणार नाही." बिचारी आत्या दोघांच्या मधे रडत राहिली.

बरं, मोटर घेतली ती चालवायची कुठे? देवासला तेव्हा दोन राज्यं, थोरली पाती आणि धाकटी पाती, आणि बाजाराचा रस्ताही मधोमध वाटून घेतलेला. आतोबांनी परवानगी काढली ती फक्त आपल्या पातीची. धाकट्या पातीकडे अर्ज करणं म्हणजे धन्याशी बेइमानी, असं त्यांचं तत्त्व. त्यामुळे पगडीवरून हनुवटीखाली रुमाल बांधून, भोंगा वाजवत स्वारी सरळ जायची थाटात, पण वळायची वेळ आली की पलीकडचा शिपाई आडवा. "भिया, आगे का पहिया हमारे राज में आ गया." आतोबा शांतपणे सांगत, "पिछले दोनों अभी हमारे में हैं." मग घरून बैलजोडी यायची. बैलांना परवानगी लागत नव्हती, आणि बैलांनी ओढली म्हणजे ती मोटर नव्हेच, असा दोन्ही राज्यांचा निवाडा. रोज संध्याकाळी हा तमाशा. त्यात पेट्रोलचा डबा ठेवला तुपाच्या कोठीत. त्या दिवाळीला देवासहून आलेल्या लाडवाला असा वास, की वडिलांनी तो अंगणात ठेवला तर कावळासुद्धा शिवला नाही. मला तर भोंगा घेऊन त्यांच्याच कानाशी वाजवावा असं वाटायचं.

त्याच भाऊबीजेला दुपारी आमच्या दारात भोंगा वाजला. पाहतो तर पुढे आतोबांचेच बैल, मागे मोटर, आणि गादीवर टेकून, नथ घालून बसलेली आत्या. मोटर वाटेत बेटम्याला बंद पडली होती. आतोबांनी बैल आधीच बेटम्याला पाठवून ठेवले होते. वडील दारातच उभे. आत्या उतरली आणि म्हणाली, "दादा, एक धक्का लागला नाही रे. गादीखालच्या पोलादी कमानी बघ कशा लवतात."

"कमानींसाठीच घेतली मी," आतोबा पगडीचा रुमाल सोडत म्हणाले. "इंजिन साहेबानं सोबत दिलं, त्याला मी काय करणार?"

वडिलांनी आतून तांब्या आणून पायांवर पाणी घातलं, आधी बहिणीच्या, मग आतोबांच्या. त्यानंतर आत्या दरवर्षी आली, बैलांमागे बसून, शेवटपर्यंत.

आता दोघंही नाहीत आणि मोटर भंगारात गेली. तिची मागची गादी तेवढी कमानींसकट आमच्या ओसरीवर आहे. हल्ली माझीही कंबर धरते, तेव्हा मी तिच्यावरच बसतो. ते शेत विकायला नको होतं, हे माझं म्हणणं तिथे बसूनही कायम आहे. फक्त ते ऐकून घ्यायला समोर आतोबा हवे होते.