सांज झाली, मग राहून गेलं

वर्षालीचा बाप गुणाजी मेला, हे तिला वयाच्या सोळाव्या वर्षी एका कारकुनाने सांगितलं. तेही तिला नव्हे, तिच्या आईला विचारताना.

ते १९९८ साल. मालवणच्या खालच्या अंगाला किनाऱ्यावर त्यांचं घर. सात वर्षांपूर्वी गुणाजी मासेमारीला गेला होता, तो परत आला नाही. प्रेतही मिळालं नाही. वर्षालीला घरात एवढंच सांगितलेलं, बाबा गोव्याला ट्रॉलरवर कामाला आहेत. पुढे पुढे ती विचारेनाशी झाली. बेपत्ता माणूस सात वर्षांनी कायद्याने मयत धरतात; ती सात वर्षं झाली तशी आई पद्मावती तिला कागद वाचायला म्हणून ओरोसच्या सरकारी कचेरीत घेऊन गेली. कारकुनाने मान वर न करता विचारलं, "मयत इसमाचं नाव?"

पद्मावतीने नवऱ्याचं नाव सांगितलं. वर्षालीने मृत्यूच्या दाखल्याच्या अर्जावर ते सुवाच्य अक्षरात लिहिलं. परतीच्या एसटीत दोघी एका बाकावर बसल्या होत्या. घरी येऊन वर्षाली जेवली आणि दुसऱ्या दिवशी शाळेत गेली.

शिकण्यात ती बरी होती. २००४ साली ती समाजकार्याच्या पदव्युत्तर वर्गात, घाटावरच्या एका विद्यापीठात शिकत होती. तिथे एक सूचना लागली: मुलांचे हक्क आणि कल्याण या विषयावर विद्यार्थ्यांना संशोधनासाठी अनुदान मिळेल. वर्षालीने विषय दिला, 'समुद्रात वडील गमावलेल्या मुलांना ते कोणी आणि कसं सांगितलं'.

निवड समितीतले एक सर म्हणाले, "शाळागळती घ्या, कुपोषण घ्या. यात मुलांचा हक्क कुठला?"

"कळण्याचा," वर्षाली म्हणाली.

तिच्या मार्गदर्शक निंबाळकर मॅडमनी बाजू घेतली आणि अनुदान मंजूर झालं. त्यातून टेपरेकॉर्डर आला, एसटीचा प्रवास झाला. उन्हाळ्याच्या सुटीत ती विजयदुर्गपासून खाली मालवणपर्यंत वाड्यावाड्यांतून फिरली. अकरा मुलं सापडली. एकाला बाप दुबईला आहे असं सांगितलेलं. एकाला देवाने नेलं म्हणून सांगितलं, तेव्हापासून तो देवळात पाऊल टाकेना. दारातली बाबांची चप्पल कोणीतरी उचलून ठेवली तेव्हा आपोआप समजलं, असं एक मुलगी म्हणाली. वर्षाली कॅसेट भरत होती, कॅसेटच्या पाठीवर मुलाचं नाव लिहीत होती. तिला काही होत नव्हतं. आपण चांगलं काम करतोय, असंच तिला वाटत होतं.

अकरावी मुलगी जॉयसी, दहा वर्षांची. तिचा बाप प्लासिद आदल्या वर्षी ट्रॉलरवरून पडला होता. आई क्लाराने परवानगी दिली, पण अंगणात गाठून हळूच म्हणाली, "तिका कायएक म्हायत नाय. तू सांगू नको हां."

जॉयसी माडाखाली येऊन बसली. वर्षालीने बेताने शाळेचं विचारलं, मैत्रिणींचं विचारलं. पोरगी मध्येच म्हणाली, "पप्पा मेलो, माका म्हायत आसा. मम्मीक सांगू नको. ती रडतली."

वर्षालीने टेप बंद केला. जॉयसीनेच विचारलं, "तुझो बापूस आसा?"

"नाय."

"तुका कोणी सांगितल्यान?"

"ऑफिसातल्या एका माणसान."

"तो तुझो कोण?"

"कोण नाय," वर्षाली म्हणाली.

त्या संध्याकाळी ती घरी गेली तेव्हा आई मागच्या पडवीत बांगडे साफ करत होती. वर्षाली शेजारी टेकली. टेप पिशवीतच राहिला.

"आये, बाबांचा तुका कधी कळला?"

पद्मावतीचा हात थांबला नाही. "तिसऱ्या दिवसा. त्यांच्या बोटीचो तांडेल येऊन सांगून गेलो."

"आणि माका?"

"तू शाळेत होतंस. सांजेक सांगतलंय म्हटलंय."

"मग?"

"मग सांज झाली. तू जेवक मागितलंस. तुझ्या तोंडाकडे बघलंय की माझी जीभ उचलाची नाय. एक दिस गेलो, दोन गेले... मग ऱ्हवलाच."

वर्षालीने दुसरी विळी घेतली आणि उरलेले बांगडे कापायला बसली. रडायला हवं, असं तिला वाटत होतं, पण डोळे कोरडेच राहिले.

अहवाल वेळेत झाला. मॅडमनी विचारलं, "तुझा स्वतःचा अनुभव घालायचा का?" ती नको म्हणाली. अहवालाची एकच ठळक शिफारस होती: मुलाच्या ओळखीच्या माणसाने, त्याच दिवशी, साध्या शब्दांत सांगावं. चर्चासत्रात टाळ्या झाल्या, चहा झाला. एक प्रत ग्रंथालयात गेली.

२००७ साली ती अंगणवाड्यांची पर्यवेक्षिका म्हणून लागली. २००९च्या नोव्हेंबरात वादळ झालं. तिच्या भागातला भिकाजी नावाचा खलाशी बुडाला, तिसऱ्या दिवशी प्रेत लागलं. अंगणवाडीच्या बाईंचा फोन आला, "मॅडम, त्याच्या पोरीला शेजाऱ्यांकडे ठेवलंय. कोणी काही सांगत नाही."

पोरीचं नाव किरण, वय सात. अंगणवाडीत असल्यापासून ती वर्षालीला ओळखत होती. वर्षालीने आधी आईला विचारलं. ती भिंतीला टेकून बसली होती. तिने नुसती होकाराची मान हलवली.

वर्षाली किरणसमोर मातीत बसली. "किरण, तुझे बाबा वादळात बुडाले. ते मेले. आता ते परत येवचे नाय."

"तू खोटा बोलतंस," किरण म्हणाली, आणि धावत घरात गेली. "आये, खरा?"

आई हो म्हणाली, आणि तीन दिवसांत पहिल्यांदा मोठ्याने रडली. किरण तिच्या कुशीत शिरली.

भिकाजीची म्हातारी आई बाहेर येऊन वर्षालीवर ओरडली, "पोराक असा सांगतत? काळीज आसा काय तुका?" वर्षाली ऐकून घेत उभी राहिली. तिने पदराचं टोक मुठीत धरलं.

त्या घराने पुढे बरेच महिने तिला पाणी विचारलं नाही. ती मात्र भागात आली की जायची. २०१० च्या उन्हाळ्यात किरण एकदा स्वतःहून अंगणात आली आणि प्रश्न विचारू लागली. बाबांना पाण्यात थंडी वाजली असेल का? त्यांनी हाक मारली असेल का? ती हाक कोणाला ऐकू आली का?

वर्षाली एकेक उत्तर देत राहिली. जे ठाऊक नव्हतं, ते ठाऊक नाही म्हणून सांगितलं. किरणचे प्रश्न संपले तेव्हा वर्षालीची परतीची एसटी निघून गेली होती.