रेशमी नोटांची वाकळ

मुखेडच्या स्टँडवर हैदराबादची गाडी लागली, तेव्हा मायनं माझ्या बॅगेत एक वाकळ कोंबली होती. माझे वडील, अण्णा, म्हणत होते, वजन जास्त होईल, ते विमान आहे, एसटी नव्हे. माय म्हणाली, "पांघरुणाचं कुठं वजन आसतंय व्हय?" विमानतळावरच्या काट्याला ते पटलं नाही. वाकळ बाहेर निघाली आणि अण्णा ती खांद्यावर टाकून परत फिरले. काचेपलीकडून मला त्यांची पाठ दिसली आणि पाठीवर मायच्या जुन्या हिरव्या साडीचा तुकडा. तोवर मी रडले नव्हते.

लातूरच्या क्लासमध्ये दोन वर्षं घासूनही तिकडे सीट लागली नाही, म्हणून मी डॉक्टर व्हायला जॉर्जियात, तिबिलिसीला आले. तुमच्यातले कितीतरी जण असेच आलात, तुम्हाला काय सांगायचं! आपण आधी नमस्काराला "गामरजोबा" म्हणायला शिकलो, मग ज्वारीच्या भाकरीवाचून जगायला. मी इथेच नोकरीला लागले, वर्गातल्याच लातूरच्या पोराशी लग्न केलं. आणि मला एक खूळ लागलं. नदीच्या पुलावर जुन्या वस्तूंचा बाजार भरतो. तिथे मी मेलेल्या सरकारांच्या नोटा गोळा करायला लागले.

शंभर वर्षांपूर्वी रशियात यादवी पेटली, तेव्हा या सगळ्या मुलखात सरकारं पावसाळ्यातल्या भूछत्रांसारखी उगवली. कुणी काही महिने टिकलं, कुणी काही वर्षं. पण प्रत्येकानं आल्या आल्या आपली नोट छापली. त्या नोटांवरच्या झोकदार सह्या पाहिल्या की मला हसू यायचं. काय खात्रीनं सही केली होती बिचाऱ्यांनी! परक्या देशात राहणाऱ्या माणसाला, उद्या आपलं इथलं नाणं चालेल की नाही, ही भीती असतेच. त्या नोटा मला आपल्यातल्या वाटायच्या.

सगळ्यांत लाडक्या होत्या खोरेझमच्या. तिकडे मध्य आशियात, वाळवंटाच्या कडेला, त्या सरकारला कागद मिळेना. रेशीम मात्र घरोघरी विणलं जायचं. त्यांनी सरळ रेशमावर नोटा छापल्या. लाल, पिवळ्या, पक्क्या रंगाच्या, रुमालाएवढ्या. माझ्याकडे सात होत्या. सगळ्यांच्या कडेला बारीक भोकं होती, म्हणून पुलावरच्या म्हाताऱ्यानं त्या स्वस्तात दिल्या. तोच म्हातारा यंदा बुडालेल्या सरकारांच्या नोटांचं प्रदर्शन भरवणार होता. रेशमी नोटा फक्त माझ्याकडे होत्या. मधली काचेची पेटी त्यानं माझ्यासाठी राखून ठेवली होती, आणि मी लहान पोरीसारखी खूश होते.

इथे आमचं भाड्याचं घर बदलायचं चाललं होतं. मला दिवस गेले होते, पाचव्या महिन्यात मी मुखेडला गेले, तेव्हा त्या नोटा सोबत नेल्या आणि मायच्या लोखंडी पेटीत ठेवल्या. माहेरच्या पेटीइतकी सुरक्षित जागा जगात नाही, असं मला अजूनही वाटतं. प्लास्टिकमध्ये रेशमाला घाम सुटतो, म्हणून त्या माझ्या मऊ सुती ओढणीत गुंडाळल्या. "नंतर नेते," एवढंच मायला म्हटलं. प्रदर्शनाआधी कुणातरी येणाऱ्या पोरीकडून मागवून घेणार होते.

पहिलं बाळंतपण माहेरी व्हायचं, ते काही जमलं नाही. डॉक्टरांनी प्रवासाला मनाई केली. मायचा पासपोर्ट निघेना, तिच्या नावाचे कागद तीन ठिकाणी तीन तऱ्हेचे. लेक तिबिलिसीतच झाली. ती वीस दिवसांची असताना लातूरची एक विद्यार्थिनी मायनं दिलेलं गाठोडं घेऊन आली. आत डिंकाचे लाडू, बाळंतशेपा आणि बाळाची वाकळ.

वाकळ पलंगावर पसरली. कडेनं मायची हिरवी साडी, मध्ये माझी ओढणी आणि ओढणीवर ओळीनं शिवलेल्या माझ्या सात रेशमी नोटा. मी किंचाळले. नवरा आतून धावत आला, त्याला वाटलं बाळाला काही झालं. मी नुसतं बोट दाखवत होते.

तसाच मायला फोन लावला. "माय, ते पैसे होते गं!"

"पैसे? कापडाचे?" मायला आधी हसू आलं, मग माझा आवाज ऐकून ती म्हणाली, "आगं, तू पोटुशी, वढणीत गुंडाळून चिंध्या ठेवल्यास. मला वाटलं, वाकळीसाठीच आणल्यास."

आणि माझ्या डोक्यात लख्ख झालं. आमच्याकडे रीत आहे. तान्ह्या बाळाला कोरं कापड लावत नाहीत. पोटुशी लेक माहेरी येताना आपलं वापरलेलं मऊ कापड आणते, माय त्यात आपलं घालते, आणि दोन्ही घरांचं मिळून पहिलं पांघरूण होतं. मी ती रीत साफ विसरले होते. मायनं मात्र मी ती पाळली असंच धरलं होतं, आणि न बोलता मनातल्या मनात सुखावलीही असणार.

"मग उसव की. मी दुसरी धाडते," माय बारीक आवाजात म्हणाली.

मी फोन ठेवला. दवाखान्यातली टाके काढायची कात्री आणली. राग होता, आणि राग कुणावर करायचा ते कळत नव्हतं. पहिला टाका कापला, दोरा ओढला आणि रेशीम किती फाटलंय ते पाहायला भिंग लावलं. नवीन भोक नव्हतं. पुढचा टाका पाहिला. तिथेही नाही. कडेनं सगळीकडे जुन्याच भोकांतून दोरा गेलेला.

पुन्हा फोन लावला.

"हाव, भोकं पहिलीच व्हती," माय म्हणाली. "कुण्या बाईनं आधी वाकळच केली व्हती त्येची. जुनं कापड, नवी भोकं पाडली तर इरंल. म्हणून तिच्याच भोकांतून सुई घातली. लई येळ लागला बग. दिसत न्हाई आता मला."

खोरेझमचं सरकार बुडालं, नोटा चालेनात, तेव्हा तिथल्या बायकांनी त्या गोधड्यांना, कपड्यांना लावल्या, हे मी पुस्तकात वाचलं होतं. भोकं कसली ते मला माहीत होतं. पण त्यांच्याकडे मी फक्त नोटेतली खोट म्हणून पाहत आले होते. मायला ती बाई दिसली. सही करणारे सगळे गेले होते, आणि एका सरकारनं नाव जुळत नाही म्हणून अडवलेल्या माझ्या मायनं सुईनं तिला शोधून काढलं होतं.

प्रदर्शनातली मधली पेटी रिकामी राहिली. म्हातारा हळहळला, मलाही वाईट वाटलं, खोटं कशाला सांगू.

कापलेला तो एक टाका मी स्वतः घातला, त्याच भोकातून. मला वाकळीचा टाका येत नाही, म्हणून जखमेला घालतात तसा गाठीचा घातला. तो वेगळाच उठून दिसतो. मग लेकीला त्यावर निजवलं, आणि तिनं लगेच ती भिजवली. मी घाईघाईनं वाकळ धुतली, बाल्कनीत वाळत घातली आणि मायला कळवलं, "रंग उतरला नाही."

"वजन किती भरलं गं तिचं?" मायनं विचारलं. मला वाटलं बाळाचं विचारतेय.

"वाकळीचं," ती म्हणाली. "ह्या बारीला घेऊ दिली न्हवं त्यांनी?"

घर कुठलं, असं कुणी विचारलं की मी आता मुखेडही म्हणत नाही आणि तिबिलिसीही म्हणत नाही. लेकीच्या अंगावरची वाकळ नीट करते.